कात्रणांचे पोते उघडण्याआधी

चपला, पट्टे, पिशव्या शिवणाऱ्या कारखान्यांतून आणि कातडे कमावण्याच्या कुंडांवरून जो टाकाऊ माल निघतो, त्याचे काय करता येईल असे विचारणारी पत्रे या वेळी कोल्हापूर परिसरातून बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. कुठलीही कृती असो, पहिला घाणा दिलेल्या मापाच्या दहाव्या हिश्श्याने करून पाहावा.

प्रश्न : आमच्याकडं रोज चार-पाच किलो कात्रण निघतं. त्यात चपलेचं कातडं असतं, बाहेरून आणलेलं मऊ रंगीत चामडं असतं, थोडं रेक्झिनपण असतं. सगळं एकाच पोत्यात जातं. भंगारवाला हातात काही ठेवत नाही. ह्यातून काही होईल का?
– चप्पल कारागीर, सुभाषनगर, कोल्हापूर

पोते एकच आहे तोवर काही होणार नाही. चामड्याच्या टाकाऊ मालाची किंमत ते कशाने कमावले आहे यावर ठरते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. बाजारातले मऊ, एकसारख्या रंगाचे चामडे बहुधा क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. सालीच्या कातड्याला अनेक वाटा आहेत. क्रोमच्या चामड्याला थोड्याच, आणि त्याही मोठ्या कारखान्यांच्या हातात. दोन्ही एकत्र झाले की सगळा माल क्रोमचा धरावा लागतो. त्यामुळे वर्गवारी कापणीच्या पाटावर, तुकडा खाली पडतानाच व्हायला हवी. नंतर पोते उपसून निवडायला बसलात तर मजुरीच अंगावर येते. पाटाखाली तीन डबे ठेवा: सालीचे, क्रोमचे आणि रेक्झिन-रबर-कापड.

ओळखायच्या खुणा अशा. कापलेली कड पाहा. सालीच्या कातड्याची कड आरपार तपकिरी असते. क्रोमच्या चामड्याची मधली रेघ निळसर-राखाडी दिसते, पण रंग आतपर्यंत मुरवलेला असला की ही खूण फसते.

दुसरी परीक्षा हिराकसाची (फेरस सल्फेटची). चिमूटभर हिराकस अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब कापलेल्या कडेवर सोडा. सालीचे कातडे मिनिटाच्या आत शाईसारखे काळे पडते. क्रोमचे पडत नाही. मात्र काही चामडी आधी क्रोममध्ये कमावून मग वनस्पतीच्या अर्कात बुडवलेली असतात. तीही काळी पडतात आणि नेमका इथेच घोटाळा होतो.

म्हणून तिसरी परीक्षा चुकवू नये. ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्टी कापा, पेन्सिलीने लांबी आखून घ्या आणि मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा. सालीचे कातडे ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसू लागते. पट्टी डोळ्यांदेखत गुंडाळते, बाहेर काढून मोजली तर लांबी बरीच घटलेली असते, आणि वाळल्यावर ती खडखडीत होते. क्रोमचे चामडे उकळत्या पाण्यातही जवळपास तसेच राहते. दोन्ही परीक्षा एकत्र वाचायच्या. काळे पडले आणि आकसले तर सालीचे. काळे पडले पण आकसले नाही तर आत क्रोम आहे, क्रोमच्या डब्यात टाका. काळेही पडले नाही आणि आकसले मात्र, तर ते तिसऱ्याच रसायनाने कमावलेले आहे. तेही सालीच्या डब्यात नको.

प्रत्येक तुकडा तपासत बसायची गरज नाही. नवे चामडे आणले की त्या प्रत्येक कातड्याची एकदा परीक्षा करून मागच्या बाजूला खडूने खूण केली की पुरे.

प्रश्न : आमच्या भागात काही गुऱ्हाळांवर चपला-बुटांच्या कारखान्यातलं कात्रण चुलवाणात जाळतात. स्वस्त पडतं आणि जाळही चांगला लागतो. राख शेतात टाकली तर चालते का?
– ऊस उत्पादक, करवीर तालुका

राखेचा प्रश्न नंतर. आधी जाळणेच थांबवा.

क्रोमच्या चामड्यातला क्रोमियम त्रिसंयुजी रूपात असतो. या रूपात तो फारसा विषारी नसतो आणि कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून राहतो. चुलवाणात भरपूर हवा आणि उष्णता मिळते, वर चिपाडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतोच. हवा, उष्णता आणि क्षार एकत्र आले की क्रोमियमचा काही भाग षट्संयुजी होतो. हे रूप पाण्यात सहज विरघळते आणि ते कर्करोगकारक आहे. अशी राख शेतात टाकली की पहिल्या पावसात ते जमिनीत, तिथून विहिरीत उतरते. कात्रणाबरोबर रेक्झिन जळत असेल तर त्यातल्या पीव्हीसीपासून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर होतो. तो कढईची आणि धुराड्याची लोखंडी कामे खातो, आणि तिथेच उघड्यावर गूळ शिजत असतो.

आतापर्यंत साठलेली राख शेतात, खतात, रस्त्याच्या भरावात कुठेही घालू नका. कोरड्या जागी झाकून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला कळवा. नुसत्या सालीच्या कातड्यात क्रोमियम नसतो. पण जळताना त्यातल्या प्रथिनांमुळे जी घाण सुटते, ती पाहता आम्ही तेही गुळाच्या कढईखाली घालणार नाही.

प्रश्न : सालीच्या कातड्याच्या कात्रणापासून लेदरबोर्ड घरगुती पातळीवर बनवता येतो का? आम्ही बारा जणी आहोत, जागा आहे, भांडवल बेताचं आहे. कृती आणि मापं सविस्तर द्यावीत.
– महिला बचत गट, हातकणंगले तालुका

येतो. लेदरबोर्ड म्हणजे कातड्याचे तंतू रबराने बांधून केलेला पुठ्ठा. तो कारखान्यासारखा एकसारखा होणार नाही, पण चपलेचा आतला थर, फायलींचे पुठ्ठे, डब्यांचे अस्तर, टेबलावरच्या चकत्या यांसाठी पुरेसा होतो. अडचण रसायनांची नाही. अडचण तंतू सोडवण्याची आहे, म्हणून आधी यंत्राचे बोलू.

घरच्या मिक्सरवर हे काम होत नाही. भिजलेले कातडे पात्याला गुंडाळते आणि मोटार जळते. मसाल्याच्या पल्व्हरायझरमध्ये कोरडे दळले तर भुसा होतो. तंतू तुटून आखूड झाल्याने त्याचा बोर्ड बिस्किटासारखा मोडतो, शिवाय धूळ उडते. योग्य यंत्र म्हणजे हातकागदाच्या कारखान्यात वापरतात तो हॉलंडर बीटर. तो तंतू फारसे न कापता पाण्यात चोळून सोडवतो. नवा घेण्याआधी एखाद्या हातकागद केंद्रात एक घाणा काढून पाहा. बीटरचा जो भाग ओल्या कातड्याला लागतो तो स्टेनलेस स्टीलचा हवा. साध्या लोखंडाला कातड्यातले टॅनिन (सालीतला कमावणारा तुरट पदार्थ) लागले की सगळा लगदा काळानिळा होतो, आणि तो रंग पुढे कशानेही जात नाही.

माप १ किलो कोरड्या कात्रणाचे. धागे, बारीक खिळे, चिकटवलेले रबर काढा. एक-दीड सेंमीचे तुकडे करून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. बीटरमध्ये पाणी वाढवत एकूण ४० लिटरपर्यंत न्या आणि लगदा होऊ द्या. चिमूटभर लगदा पाण्याच्या ग्लासात ढवळून उजेडासमोर धरा. गाठी न दिसता लोकरीसारखे तंतू तरंगताना दिसले की झाले.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी पायरी. सालीचे कातडे आंबट असते, पीएच साधारण ३.५ ते ४.५. रबराचे लॅटेक्स अमोनियामुळे टिकून असते आणि आम्ल लागले की फाटते. थेट लगद्यात ओतलेत तर जिथे पडेल तिथे रबराचे गोळे होतात आणि बाकीचे तंतू कोरडेच राहतात. म्हणून आधी पातळ केलेला अमोनिया थोडा थोडा घालून लगद्याचा पीएच ७.५ ते ८ वर आणा. पीएचच्या कागदी पट्ट्या पुरतात. ८.५ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर टॅनिन सुटून पाणी गडद लाल होते आणि बोर्ड कमजोर निघतो. कॉस्टिक सोडा याच कारणाने वापरायचा नाही. अमोनियाचे काम उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून करावे.

लगद्यात ४० ग्रॅम टर्की रेड ऑइल (पाण्यात मिसळणारे प्रक्रिया केलेले एरंडेल) घाला. हे वगळले की बोर्ड वाकवताना तडकतो. मग ६० टक्क्यांचे लॅटेक्स ३५० ग्रॅम घ्या, तेवढ्याच पाण्यात पातळ करा आणि हळूहळू ओतत दहा मिनिटे ढवळा. लॅटेक्स घेताना प्री-व्हल्कनाइज्ड, म्हणजे आधीच गंधकाने पक्के केलेले, मागून घ्या. कच्च्या लॅटेक्सचा बोर्ड सुरुवातीला छान दिसतो, पण उन्हाळ्यात चिकट होऊन एकमेकांना धरतो.

शेवटी तुरटी. १०० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा आणि हे पाणी बारीक धारेने सोडत ढवळत राहा. साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर लागेल, पण मापापेक्षा डोळ्यांवर विसंबा. लगद्यावरचे दुधी पाणी एका क्षणी नितळ होते, तंतू गुठळी धरून खाली बसू लागतात. पीएच ४ ते ४.५ असतो. पाणी दुधीच राहिले तर लॅटेक्स पूर्ण बसलेले नाही, म्हणजे गाळताना पैसे पाण्याबरोबर वाहून जाणार.

लाकडी चौकटीला नायलॉनची जाळी ताणून लगदा एका दमात ओता आणि हाताने सारखा करा. थोडा थोडा ओतलात तर थर पडतात आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पाणी निथळले की वर-खाली मांजरपाट घालून दोन जाड फळ्यांमध्ये स्क्रू-प्रेसखाली दाबा. दाब आस्ते वाढवायचा. एकदम पिळलात तर पाणी कडेने फुटून बाहेर येते आणि बोर्डाला वाटा पडतात. सावलीत, वाऱ्यावर, उभे न टांगता जाळीवर आडवे वाळवा. वाळल्यावर ७० ते ८० अंशांच्या गरम प्रेसमधून एकदा काढला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो.

एक किलो कात्रणातून २ मिमी जाडीचा सुमारे ६ चौरस फूट बोर्ड निघावा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे तो वाळत नाही, बुरशी धरतो. त्या दोन महिन्यांत कात्रण गोळा करून कोरडे ठेवणे एवढेच काम करावे.

दोन ठिकाणी हा बोर्ड वापरू नका. चपलेच्या खालच्या तळाला, कारण ओला झाला की तो फुगून सुटतो. आणि भौगोलिक मानांकनाच्या (जीआय) नावावर विकायच्या कोल्हापुरीत. ती ओळख २०१९ साली मिळाली ती हाताने बनवलेल्या, सालीत कमावलेल्या कातड्याच्या चपलेला. आत लगद्याचा थर घालून तेच नाव लावणे म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय आणणे.

प्रश्न : आमच्याकडे अजून लाकडी पॅटर्न येतात. कोपऱ्यांना पूर्वी चामड्याची फिलेट लावायचे असं जुने मिस्त्री सांगतात. ती आता मिळत नाही. कात्रणातून बनवता येईल का?
– पॅटर्न शॉप, शिवाजी उद्यमनगर

येईल, आणि सुभाषनगरातल्या कात्रणाला याहून जवळचे गिऱ्हाईक नसावे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: ओतकामाच्या पॅटर्नचा (वाळूत साचा उठवायच्या नमुन्याचा) आतला कोपरा काटकोनी ठेवला तर वाळूची धार मोडते, आणि धातू गोठताना त्याच जागी ताण येऊन चीर पडते. म्हणून कोपऱ्यात गोलाई द्यावी लागते. लाकडात ती कोरणे अवघड, म्हणून त्रिकोणी छेदाची चामड्याची पट्टी चिकटवत.

म्हशीच्या सालीच्या कातड्याचे लांब काठ वेगळे ठेवायला सांगा. पट्ट्यांच्या कापणीतून २० सेंमीपेक्षा लांब निघतात तेवढेच उपयोगाचे. ६ मिमी त्रिज्येला ६ मिमी जाडीचे कातडे लागते. एवढे जाड नसेल तर दोन थर सरसाने चिकटवून, दाबून घ्या. सागाच्या ठोकळ्यात ४५ अंशांचा खाचा पाडून त्यावर रापीचे पाते पक्के करा आणि पट्टी खाच्यातून ओढा. चौकोनी पट्टीच्या दोन त्रिकोणी पट्ट्या निघतात. दोन्ही धारा कागदासारख्या पातळ झाल्या पाहिजेत. धार जाड राहिली तर वाळूत तिची रेघ उठते.

लावताना पट्टी कोमट पाण्यात बुडवून लगेच पुसा, कोपऱ्याला गरम सरस लावा, पट्टी बसवा आणि गोल डोक्याच्या पितळी गोळीने दाबत एकदाच ओढा. गोळीची त्रिज्या गोलाईच्या त्रिज्येइतकी हवी. जोड सरळ न कापता तिरका कापा. सरस पूर्ण वाळल्यावर चपड्याचे दोन हात द्या, नाहीतर ओली वाळू सरस सोडवते. क्रोमचे चामडे या कामाला चालत नाही. ते दाबलेले राहत नाही, रबरासारखे उसळून वर येते.

रेझिनच्या आणि सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापलेल्या पॅटर्नला याची गरज नाही. त्यामुळे मोठा धंदा म्हणून याकडे पाहू नका. दुरुस्तीच्या कामात मात्र मेणाच्या किंवा पुट्टीच्या फिलेटपेक्षा ही जास्त टिकते.

प्रश्न : सरस कात्रणातूनच बनवता येईल का? दुसरं म्हणजे आमच्याकडे कच्च्या कातड्याचे काठ आणि मांसाचे पापुद्रे निघतात, त्याचं काय करावं?
– कातडे कमावणारे, शिरोळ तालुका

कमावलेल्या कातड्यातून सरस निघत नाही. निघाला तरी हलका निघतो. कातडे कमावणे म्हणजे त्यातल्या कोलॅजन या प्रथिनाला पाण्यात विरघळू न देणे. सरस काढणे हे बरोबर त्याच्या उलट काम आहे. तेव्हा सरसाला तुमचा दुसरा माल हवा: चुन्यातून निघालेले पण कमावण्याआधीचे काठ. नुसत्या मांसाच्या पापुद्र्यांत चरबी जास्त आणि सरस कमी, म्हणून ते वेगळे ठेवा.

सुरू करण्याआधी एक गोष्ट तपासा. केस काढायला नुसता चुना वापरता की सोडियम सल्फाइडही? सल्फाइड वापरत असाल तर त्या मालावर किंवा त्या पाण्यात आम्ल कधीही ओतू नका. हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. वास येतो म्हणून सावध राहू, हा भरवसा खोटा आहे. वायू वाढला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. कुंडात पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशा दुर्घटना या धंद्यात झालेल्या आहेत. सल्फाइडचा माल सरसासाठी घेऊच नका, हे आमचे मत.

नुसत्या चुन्याचा माल असेल तर १० किलो ओले काठ दिवसभरात पाच-सहा पाण्यांनी धुवा. जाड तुकडा मधोमध कापून पीएच पाहा. बाहेरून धुतलेला दिसतो पण आत चुना असतो. पातळ व्हिनेगरने पीएच ६ च्या आसपास आणा आणि पुन्हा एकदा धुवा. १० लिटर पाण्यात ६० अंशांवर तीन-चार तास ठेवा, उकळी येऊ देऊ नका. थेट जाळावर न ठेवता पाण्याच्या टाकीत भांडे ठेवावे, बुडाला लागलेला सरस काळा आणि कमजोर होतो. हा पहिला रस सगळ्यात चांगला. तो काढून पुन्हा पाणी घालून ७० अंशांवर दुसरा आणि ८० अंशांवर तिसरा रस घ्या. तिन्ही वेगळे ठेवा. एकत्र केलेत तर पहिल्याचा भाव जातो.

वर आलेली चरबी काढा, कापडातून गाळा, पसरट भांड्यात ७० अंशांखाली आटवा. थंड ताटलीत थेंब टाकल्यावर दोन मिनिटांत थरथरीत जेली झाली की साच्यात ओता. गोठल्यावर ५ मिमीचे काप करून जाळीवर वाऱ्यात वाळवा, उन्हात नाही. ओली जेली तिशीच्या तापमानातच वितळते. त्यामुळे कोल्हापुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. १० किलो ओल्या काठांतून साधारण एक किलो कोरडा सरस मिळतो. पॅटर्नवाले, जुने फर्निचर दुरुस्त करणारे यांना लागतो. तंतुवाद्यांच्या दुरुस्तीतही चालतो, कारण गरम पाण्याने जोड न मोडता सुटतो. मिरजेत विचारून पाहा.

मांसाचे पापुद्रे धुऊन, बारीक करून गोबरगॅसमध्ये घालता येतात, पण शेणाच्या वजनाच्या पाच टक्क्यांपासून सुरुवात करा. यांत प्रथिने फार असतात. एकदम जास्त घातले की अमोनिया साठून गॅस बंद पडतो, आणि चुना न धुता घातले तर त्याच दिवशी.

प्रश्न : चामड्यात नत्र भरपूर असतं म्हणतात. कात्रण कंपोस्टमध्ये घातलं तर?
– शेतकरी, राधानगरी तालुका

सालीचे घाला, क्रोमचे नको. क्रोमचे का नको, याचा हिशेब सोपा आहे. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. क्रोमच्या चामड्यात तो वजनाच्या अडीच टक्के धरला तर एका किलोत २५ ग्रॅम. म्हणजे एक किलो चामडे ५०० किलो कंपोस्टची मर्यादा एकटेच भरून काढते.

सालीचे कातडे तसेच पुरलेत तर वर्षभर जसेच्या तसे सापडेल. टॅनिनमुळे जिवाणूंना ते फोडता येत नाही. बारीक तुकडे तासभर पाण्यात उकळून घ्या. आकसलेल्या कातड्याचे तंतू सैल होतात आणि जिवाणूंना सापडतात. १ किलो कोरड्या कात्रणाला १० किलो वाळलेले उसाचे पाचट आणि ५ किलो ताजे शेण असे प्रमाण ठेवा. ढीग एक मीटरपेक्षा उंच हवा, तरच आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो. अमोनियाचा वास आला तर पाचट कमी पडले आहे.

प्रश्न : कमावून झाल्यावर उरलेली बाभळीची साल आणि ते लाल पाणी ओढ्यात सोडू नका म्हणतात. मग करायचं काय?
– कातडे कमावणारे, कागल तालुका

पाणी फेकण्यासारखे नसतेच. त्यात टॅनिन शिल्लक असते. जुन्या पद्धतीत हे पाणी नव्या कातड्याला पहिल्यांदा देत आणि ताजा कडक अर्क शेवटी, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. कोऱ्या कातड्याला पहिल्याच दिवशी कडक अर्क लागला तर वरचा थर लगेच कमावला जाऊन बंद होतो आणि आतला भाग कच्चा राहतो. कापल्यावर मध्ये फिकट पांढरी रेघ दिसते ती हीच. पाणी तीन-चार कुंडांत जुन्याकडून ताज्याकडे असे फिरवत ठेवलेत तर बाहेर सोडायला फार थोडे उरते. ओढ्यात ते जाऊ देऊ नये, कारण त्यातले पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात.

सालीचा चोथा एकदा गरम पाण्यात भिजवून उरलेला अर्क काढा आणि मग वाळवा. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की ब्रिकेटवाले (जळणाच्या दाबलेल्या कांड्या करणारे) घेतात. ओला नेलात तर ब्रिकेट प्रेसमधून निघताच फुटते. ऊस तुटताना चिपाड मुबलक असल्याने या चोथ्याला कोणी विचारत नाही. पावसाळ्यासाठी झाकून ठेवलात तर भाव बरा येईल.

थोडे लाल पाणी काळ्या रंगासाठी बाजूला ठेवा. गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवून गाळून घ्या. कातड्याच्या कडेला आधी लाल पाण्याचा हात, तो मुरला की खिळ्यांच्या पाण्याचा. कड तिथल्या तिथे काळी होते आणि रंग हाताला लागत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून तेल लावा. हे राहिले तर उरलेले लोह आणि आम्ल कातडे कोरडे करून तडकवतात.

प्रश्न : चामड्याच्या कोळशात लोखंड घालून कडक करतात हे खरं का?
– वर्कशॉप चालक, शिरोली

खरे आहे, जुनी पद्धत आहे. साध्या माइल्ड स्टीलचा पृष्ठभाग कडक करायला वापरत. सालीचेच कातडे झाकणाच्या डब्यात, झाकणाला एक छोटे भोक ठेवून, धूर थांबेपर्यंत तापवा. निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सायनाइड असू शकतो, तेव्हा हे उघड्या मैदानात, वारा पाठीवर घेऊन उभे राहून करावे. लाकडी कोळसा तीन भाग, चामड्याचा कोळसा एक भाग आणि एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के धुण्याचा सोडा. वस्तू या मिश्रणात पुरून पेटी फायर-क्लेने बंद करा आणि ९०० अंशांवर चार तास ठेवा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर मिळतो. लगेच पाण्यात विझवा. पेटीला फट राहिली तर कोळसा जळून जातो आणि वस्तू मऊच निघते.

प्रश्न : आम्ही बॅगा बनवतो. क्रोमच्या चामड्याचं कात्रण आणि घासकामाची धूळ साठते. छोट्या प्रमाणावर काही करता येईल का?
– बॅग उत्पादक, गोकुळ शिरगाव

मोठे तुकडे विका. किल्ल्यांचे जुडगे, पाकिटाचे कप्पे, हातमोज्यांच्या तळव्याला जोड असली कामे करणारे ते वजनावर घेतात. बारीक तुकड्यांसाठी लेदरबोर्डचे मोठे कारखाने आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत या विषयावर काम होते, तिथे विचारणा करावी. मॅग्नेशियम ऑक्साइड आणि एन्झाइम घालून प्रथिने आणि क्रोम वेगळे करण्याची पद्धतही आहे. पण तिला तापमान नियंत्रण, गाळण यंत्रणा आणि प्रयोगशाळा लागते. पातेल्यात करण्याचे ते काम नाही. चामडे कमावण्याच्या कारखान्यातले क्रोमयुक्त अवशेष आणि गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. तुमचे कात्रण त्यात कुठे बसते हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी घ्या, म्हणजे कोणाला माल देता येतो हेही स्पष्ट होईल.

धुळीचे मात्र आज करायचे काम आहे. चामड्याची धूळ कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पहिल्या गटात आहे, आणि त्यात सालीच्या कातड्याची धूळही आली. घासण्याच्या चाकाला झाकण आणि शोषक पाइप लावा. झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क हवा.

प्रश्न : हातपंपाच्या वॉशरला कुठलं कातडं?
– वाचक, गगनबावडा

म्हशीचे, सालीचे, ४ ते ५ मिमी जाड, पाठीच्या भागातले. पोटाकडचे सैल असते. चकती कोमट पाण्यात भिजवून साच्यात दाबून वाटीचा आकार द्या, साच्यातच वाळवा, मग कोमट मेण-तेलात बुडवा. मेण कडकडीत गरम असेल तर चकती आकसून वाया जाते.